बारा गोल, तेरा गोल

कॉलिंगवूड : 12 गोल, 18 बिहाइंड, एकूण 90. ब्रिस्बेन : 13 गोल, 8 बिहाइंड, एकूण 86.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलशी ओळख नसलेल्या माणसापुढे हा गुणफलक ठेवला की तो दोनदा वाचतो. जास्त गोल मारणारा संघ हरला? हो, हरला. तोही साध्यासुध्या साखळी सामन्यात नव्हे, तर 30 सप्टेंबर 2023 च्या ग्रँड फायनलला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, 1,00,024 लोकांच्या देखत. चार गुणांनी.

या खेळात मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेनं मारलेला चेंडू कुणाचाही हात न लागता गेला तर सहा गुण. त्यांच्या दोन्ही बाजूंना बुटक्या खांबांपर्यंत जी पट्टी उरते तिथून गेला, किंवा उंच खांबाला चाटून गेला, तर एक गुण. तो बिहाइंड. नेम चुकल्याचं उत्तेजनार्थ बक्षीस, असं आमच्या घरी म्हणतात. बचाव करणारा खेळाडूही जीव वाचवायला चेंडू आपल्याच खांबांमधून बाहेर ढकलून एक गुण देऊन टाकतो, तोही याच खात्यात जमा होतो.

म्हणजे कॉलिंगवूडच्या नावावर 30 वेळा काहीतरी जमा झालं आणि ब्रिस्बेनच्या नावावर 21 वेळा. आता वाद कसा रंगतो बघा. ब्रिस्बेनचा पाठीराखा म्हणतो, आम्ही तेरा गोल मारले, तुम्ही बारा, आमची नेमबाजी चांगली, नशीब तुमचं. कॉलिंगवूडचा म्हणतो, आम्ही नऊ वेळा जास्त धडक मारली, अठरा चुकवल्या म्हणून सामना चुरशीचा झाला, नाहीतर तासाभरात मिटला असता. दोघंही एकाच कागदावर बोट ठेवून बोलत असतात आणि दोघांचंही गणित बरोबर असतं. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. शेजारी कॉलिंगवूडच्या कट्टर भक्त आजी आहेत, आणि ऑफिसात माझ्यासमोरच्या टेबलावर क्वीन्सलँडहून आलेला ब्रिस्बेनचा माणूस बसतो. त्यामुळे त्या सामन्यानंतरचा आठवडा मला दोन्ही बाजूंनी ऐकावा लागला. खरं सांगायचं तर मी तो मजेत ऐकला.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींचा फुटबॉल सामना बघून वाढलेल्या माणसाला कॉलिंगवूड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एका जुन्या कामगारवस्तीचा क्लब, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जर्सी, अर्ध्या शहराचं प्रेम आणि उरलेल्या अर्ध्याचा मनापासून द्वेष. पेठेच्या तालमीवरचं प्रेम जसं विचारून होत नाही, आजोबांकडून येतं, तसंच हे. प्रेम करायचं कसं हे मला येत होतं. सामना संपल्यावर कोण चांगलं खेळलं हे ठरवायचं कसं, ते मात्र इथं नव्यानं शिकावं लागलं.

त्याला कारण आमचं क्रिकेट. ज्या मैदानावर ही फायनल झाली त्याच मैदानावर डिसेंबर 2020 मध्ये अजिंक्य रहाणेनं 112 धावा काढल्या होत्या, अ‍ॅडलेडला 36 वर गुंडाळले गेल्यानंतरच्या कसोटीत. तो सामना न पाहिलेल्या माणसानंही नुसता धावफलक वाचला तरी त्याला पुष्कळ काही कळतं. कोण कधी आलं, कोण किती वेळ टिकलं, कुणी कुणाला काढलं. क्रिकेटचा प्रत्येक चेंडू कुणाच्या तरी नावावर पडतो. टाकणारा एक, खेळणारा एक, हिशेब चोख. आपण मराठी माणसं तर या हिशेबावरच पोसलेली. सरासरी, स्ट्राइक रेट, चौथ्या डावातली कामगिरी, हे सगळं आपल्याला पाढ्यांसारखं पाठ असतं.

फूटीमध्ये, म्हणजे या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, एका वेळी दोन्हीकडचे अठरा-अठरा, मिळून छत्तीस जण एका प्रचंड अंडाकृती मैदानावर मोकाट असतात. ऑफसाइड नाही. कुणीही कुठंही जावं. वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर, त्यात थांबलेला वेळ धरला तर प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आसपास. चेंडू हातात धरून पळता येतं, लाथेनं मारता येतो, मुठीनं ठोकून देता येतो, तो हँडबॉल. पंधरा मीटरहून लांबून आलेली किक झेलली की मार्क मिळतो, मग जरा उसंत घेऊन पुढची किक. कुठल्याही क्षणी चेंडूजवळ पाच-सहा माणसं असतात आणि उरलेली तीस त्याच्यापासून लांब काहीतरी करत असतात. ते काहीतरी म्हणजेच बराचसा खेळ आणि गुणपत्रिकेत नेमकं तेच नसतं.

गुणपत्रिका मोठी असते हे मान्य. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे किक, हँडबॉल, मार्क, टॅकल. किक आणि हँडबॉलची बेरीज म्हणजे डिस्पोजल, आणि लोक आधी बघतात ते डिस्पोजल. मग झटापटीतून मिळवलेला चेंडू किती, मोकळा मिळालेला किती. थांबलेला खेळ पुन्हा सुरू झाल्यावर चेंडू गर्दीतून बाहेर काढून दिला तो क्लिअरन्स. गोलपासून पन्नास मीटरच्या कमानीत चेंडू पोचवला तो इनसाइड फिफ्टी. किती मीटर पुढे नेला, किती गोलांच्या साखळीत हात होता, समोरच्यावर किती दबाव टाकला. हे सगळं चॅम्पियन डेटा नावाची कंपनी मोजते. मैदानावरच्या प्रत्येक स्पर्शाला ती काहीतरी गुण देते आणि सामन्याच्या शेवटी प्रत्येक खेळाडूला एक आकडा मिळतो. शंभराच्या वर गेला तर गडी छान खेळला असं धरायचं. फँटसीवाली मंडळी या गुणांवरच जगतात.

या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक टेड हॉपकिन्स. हा माणूस मला फार आवडतो, कारण त्याची स्वतःची गोष्ट त्याच्याच आकड्यांना जुमानत नाही. 1970 ची ग्रँड फायनल. कार्लटन विरुद्ध, पुन्हा कॉलिंगवूडच. प्रेक्षक 1,21,696, हा विक्रम अजून मोडलेला नाही. मध्यंतराला कॉलिंगवूड 44 गुणांनी पुढे. कार्लटननं बाकावर बसलेल्या हॉपकिन्सला आत सोडलं. त्यानं दुसऱ्या अर्धात चार गोल मारले आणि कार्लटननं सामना दहा गुणांनी जिंकला. कार्लटनच्या प्रशिक्षकानं मध्यंतराला खेळाडूंना सांगितलं होतं, हँडबॉल करा, पुन्हा पुन्हा करा, चेंडू हातातून हातात फिरवत पुढे काढा. खेळण्याची पद्धतच बदलली त्या एका दुपारी, असं जुनी माणसं सांगतात. हॉपकिन्स त्यानंतर लवकरच वरच्या दर्जाच्या खेळातून बाजूला झाला. नव्वदच्या दशकात त्यानं प्रत्येक हालचाल मोजायचा उद्योग सुरू केला. तोवरच्या हंगामभराचे आकडे बघून त्या दिवशी मध्यंतराला कुणी त्याला आत पाठवलं असतं का? मला शंका आहे.

आता 2023 कडे. नॉर्म स्मिथ पदक, म्हणजे फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं, कॉलिंगवूडच्या बॉबी हिलला मिळालं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थमचा, अंगानं लहानखुरा गडी. वर्षभरापूर्वी जुन्या क्लबात असताना त्याला कर्करोगाचं निदान झालं होतं, शस्त्रक्रिया झाली होती. फायनलला त्यानं चार गोल मारले. शिवाय समोरच्याच्या खांद्यावर चढून असा एक मार्क घेतला की तो वर्षानुवर्षे दाखवला जाईल. त्याच्या निवडीवर कुणाला फारसं काही म्हणायचं नव्हतं. ब्रिस्बेनचा किडीन कोलमन बचावातून सुंदर खेळला, त्यांचा संघ जिंकला असता तर पदक कदाचित त्याच्या गळ्यात पडलं असतं. तेवढ्या चार गुणांवर पदकाची मानगूट वळते. हरलेल्या संघातल्या माणसाला हे पदक मिळालंय, नाही असं नाही. 1989 मध्ये जिलाँगच्या गॅरी अ‍ॅब्लेटनं फायनलला नऊ गोल मारले, संघ सहा गुणांनी हरला, पदक तरी त्यालाच गेलं. पण त्यासाठी नऊ गोल मारावे लागले!

मला मात्र बिली फ्रॅम्पटनबद्दल बोलायचंय.

फ्रॅम्पटन हा उंचापुरा, आधी दोन क्लब फिरून आलेला, बहुतेक लोकांना पाठही नसलेला खेळाडू. कॉलिंगवूडचा आघाडीचा उंच खेळाडू डॅन मॅकस्टे उपांत्य सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला. बिचारा ब्रिस्बेन सोडूनच कॉलिंगवूडला आलेला, आणि फायनल नेमकी जुन्या क्लबाशी. त्याच्या जागी फ्रॅम्पटनला घेतलं. पेपरांत, रेडिओवर चर्चा सुरू झाली, की हा गोल मारणारा नव्हे, याला पुढे ठेवून काय मिळणार? प्रशिक्षक क्रेग मॅकरेनं त्याला गोल मारायला घेतलंच नव्हतं. ब्रिस्बेनच्या बचावाचा कणा म्हणजे त्यांचा तेव्हाचा सहकर्णधार हॅरिस अँड्र्यूज. समोरच्यांची लांब किक हवेत असताना आपला माणूस सोडून आडवं धावत येऊन ती झेलायची किंवा ठोसून लावायची, यात त्याचा हात धरणारे फार नाहीत. फ्रॅम्पटनला काम एवढंच, की अँड्र्यूजला मोकळं धावू द्यायचं नाही. त्याच्या अंगाला खेटून राहायचं, त्याला अशा जागी ओढत न्यायचं की लांब किक आली तरी त्याला तिथं पोचता येऊ नये.

सामना संपल्यावर गुणपत्रिका उघडली तर फ्रॅम्पटनच्या नावापुढचे आकडे मोजून घ्यावेत इतके थोडे. ज्यानं फक्त तेवढंच वाचलं तो म्हणेल, गडी दिसलाच नाही. पण अँड्र्यूजही नेहमीसारखा दिसला नाही, आणि ते एकाच कामाचं दुसरं टोक आहे. हिलनं मोकळ्या जागेत मारलेल्या गोलांकडे बघताना मी आता आधी अँड्र्यूज कुठं होता ते बघतो. शेजारच्या आजी खेळाडूंच्या बाबतीत तोंडाच्या फटकळ आहेत. एखाद्याला "खुर्ची" म्हणून मोकळ्या होतात, म्हणजे जागचा न हलणारा. फ्रॅम्पटनबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याला सांगितलं ते त्यानं केलं. असे बावीस असते तर मी दरवर्षी कप बघितला असता." त्या निक डेकोसबद्दलही इतकं चांगलं बोलत नाहीत, आणि डेकोस हा तर कॉलिंगवूडचा राजपुत्र. बाप क्लबाचा दैवतासमान खेळाडू, थोरला भाऊ त्याच संघात.

हे जे लांबचं दिसायला लागलं त्याचं श्रेय कुठल्या विश्लेषकाला नाही, माझ्या मुलीच्या चौदा वर्षांखालच्या संघाला आहे. इथं मुलांचे सामने पालकांच्या बिनपगारी मेहनतीवर चालतात. कुणी पाण्याच्या बाटल्या घेऊन पळतो, कुणी घड्याळ धरतो, कुणी सॉसेज भाजतो. मला सॉसेजला कुणी उभं करत नाही. चव बिघडेल अशी भीती असावी. म्हणून माझ्याकडे गोल अंपायरचं काम आलं. पांढरा कोट घालायचा, दोन उंच खांबांच्या मागे उभं राहायचं, गोल झाला की दोन झेंडे हलवायचे, बिहाइंडला एक. हातात एक कार्ड, त्यावर हिशेब. क्वार्टर संपला की पलीकडच्या टोकाच्या गोल अंपायरशी आकडे ताडून बघायचे. हिवाळ्यातली सकाळ, पायाखाली चिखल, नाक गार.

पण गोलच्या मागून खेळ वेगळा दिसतो. बाजूला उभं राहिलं, किंवा टीव्हीवर बघितलं, की चेंडू डावीकडून उजवीकडे जातो आणि डोळे त्याच्यामागे जातात. गोलमागून मैदान लांबीनं समोर पसरतं. चेंडू शंभर मीटर लांब असतो, तिकडे झटापट चाललेली कळते पण नीट दिसत नाही, आणि मग डोळे आपोआप जवळच्या माणसांकडे वळतात. बचावातल्या सहा मुली आपापसात किती अंतर ठेवून उभ्या आहेत. एक पुढे सरकली तर तिच्यामागची जागा कोण भरतंय. कोण चेंडूकडे बघतंय आणि कोण आपल्या माणसाकडे. एका सामन्यात आमची एक मुलगी पुन्हा पुन्हा गोलपासून लांब, पार सीमेकडे धावत जायची. चेंडू तिच्याकडे एकदाही आला नाही. बाजूला उभे असलेले पालक कुजबुजायला लागले, ही कुठं पळतेय? मला मागून दिसत होतं की ती दर वेळी त्यांच्या सगळ्यात तगड्या बचावपटूला सोबत घेऊन जातेय आणि मधे घरभर जागा रिकामी होतेय. त्या जागेत दुसरीनं गोल मारले. संध्याकाळी गोल मारणारीचं कौतुक झालं, ते योग्यच. पण प्रशिक्षकानं सामन्यानंतर मुलींना रिंगण करून बसवलं आणि आधी त्या पळणारीचं नाव घेतलं. ती मुलगी इतकी लाजली की बुटाच्या लेसशी खेळत बसली.

मोठ्या क्लबांना हे केव्हाच माहीत आहे. त्यांच्याकडे गोलच्या मागून घेतलेलं चित्रण असतं, आणि सामन्यानंतरच्या बैठकांत ते त्याचेच तुकडे बघतात. बचावफळी वेगळी, मधली फळी वेगळी, आघाडी वेगळी. प्रत्येक तुकड्यात प्रश्न असा, की चेंडू तिथं असताना तू इथं का होतास? टीव्हीवर आपल्याला जे मिळतं ते चेंडूचं चरित्र. आपण घरी बसून, "याचे फक्त बारा डिस्पोजल, याला काढा" असं जे म्हणतो, ते प्रशिक्षकाला किती पोरकट वाटत असेल, कुणास ठाऊक.

तरी आकडे वाचूच नयेत असं माझं म्हणणं नाही. आकडे दुमडून न वाचता उलगडून वाचले तर ते पुष्कळ बोलतात. त्याच 2023 च्या फायनल मालिकेतला पहिला सामना घ्या, कॉलिंगवूड विरुद्ध मेलबर्न. मेलबर्ननं चेंडू पन्नास मीटरच्या आत 69 वेळा नेला, कॉलिंगवूडनं 37 वेळा. एवढा फरक बघून कुणीही सांगेल की मेलबर्ननं धुतलं असणार. निकाल : कॉलिंगवूड 60, मेलबर्न 53. मेलबर्नचे 7 गोल, 11 बिहाइंड. ऐन मोक्याला नेम चुकले, एवढंच म्हणून सोडून देता येईल. पण आत गेलेला प्रत्येक चेंडू सारखा नसतो. घाईघाईत, दबावाखाली, डोळे मिटून उंच मारलेली किक आत आली तर तीही एक इनसाइड फिफ्टी, आणि नेमकी धावणाऱ्या सोबत्याच्या छातीवर दिलेली किक हीसुद्धा एकच. कॉलिंगवूडच्या बचावानं मेलबर्नला पहिल्या जातीच्या किक मारू दिल्या, दुसऱ्या जातीच्या फारशा नाही. 69 हा आकडा मेलबर्नच्या वर्चस्वाचा आहे तितकाच त्यांच्या हतबलतेचाही आहे. आघाडीची मंडळी चेंडू धरून ठेवू शकत नव्हती, तो परत बाहेर यायचा, परत आत जायचा. तो सामना बघताना मला वाटत राहिलं की मेलबर्नवाले दार ठोठावतायत, आणि दार ढकलायचं नसून ओढायचं आहे.

पुढच्या सामन्यात कॉलिंगवूडनं ग्रेटर वेस्टर्न सिडनीला एका गुणानं हरवलं, 58-57. मग फायनल चार गुणांनी. फायनल मालिकेतले तीन सामने, तिन्ही मिळून फरक 12 गुणांचा, म्हणजे दोन गोल. याला काय म्हणायचं? कॉलिंगवूडचे भक्त म्हणतात, शेवटच्या पाच मिनिटांत डोकं थंड ठेवण्याची कला. त्यात तथ्य आहे. हा संघ अटीतटीची मिनिटं सरावात वेगळी घोटवून घ्यायचा आणि ते मैदानावर दिसायचं. पण 2022 मध्ये हाच संघ, हाच प्रशिक्षक, हेच थंड डोकं, आणि उपांत्य सामन्यात सिडनीकडून एका गुणानं हार. तेव्हा कुणी म्हटलं नाही की त्यांना शेवटची पाच मिनिटं खेळता येत नाहीत. एका गोलाच्या आतल्या फरकावर माणसांच्या स्वभावाचे निष्कर्ष काढू नयेत, असं मी ऑफिसातल्या ब्रिस्बेनवाल्याला सांगत असतो. तो म्हणतो, हे तू फक्त मला सांगतोस, आजींना सांगून बघ.

कोण चांगलं खेळलं यावर तर जाणकारांचंही जुळत नाही. त्याच वर्षीचं बघा. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक पंच देतात, 1924 पासूनची परंपरा. प्रत्येक साखळी सामन्यानंतर तीन, दोन, एक असे गुण, आणि ती मतं हंगामाच्या शेवटी उघडतात. 2023 मध्ये ते ब्रिस्बेनच्या लॅकी नीलला मिळालं, 31 मतांनी. मार्कस बोंटेम्पेली 29, निक डेकोस 28. आता गंमत. प्रशिक्षकांच्या मतांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता पोर्ट अ‍ॅडलेडचा झॅक बटर्स. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही प्रशिक्षक पाचपासून एकपर्यंत गुण देतात, त्यातून हा ठरतो. खुद्द खेळाडूंनी मात्र बोंटेम्पेलीला निवडलं. तीन जाणती मंडळं, तीन वेगळी नावं. आणि पंचांनी निवडलेल्या नीलला त्या वर्षीच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे देशातल्या सर्वोत्तमांच्या यादीत, जागाच नव्हती. पंच सगळ्यात जवळ असतात, चेंडूपासून काही पावलांवर. त्यांना गर्दीतून चेंडू काढणारा नील दिसतो, वारंवार दिसतो. प्रशिक्षक वरच्या काचेच्या खोलीत, त्यांना मैदानाचा आकार दिसतो. खेळाडूंना आठवतो तो आपल्या अंगावर आलेला माणूस. यात कुणाचं खोटं म्हणायचं? मला विचाराल तर मी खेळाडूंच्या मताला जरा जास्त किंमत देतो. ज्याच्यापायी रात्री झोप लागत नाही, त्याचं नाव कुणी उगाच घेत नाही.

एक रकाना मात्र अजून कुठल्याच गुणपत्रिकेत नाही. मेलबर्नविरुद्धच्या त्या सामन्यात सुरुवातीलाच कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड किक अडवायला उंच उडाला आणि खाली येताना अँगस ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ बेशुद्ध. मेनार्डला शिक्षा झाली नाही, त्यावर देशभर वाद झाला. पुढच्या फेब्रुवारीत ब्रेशॉ ऐन उमेदीत निवृत्त झाला, मेंदूच्या दुखापतींमुळे. फायनलमध्ये कॉलिंगवूडच्या बचावातल्या नेथन मर्फीला डोक्याला मार लागून बाहेर जावं लागलं. तोही 2024 मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यानं खेळ सोडून मोकळा झाला, गळ्यात विजेतेपदाचं पदक घेऊन. सामन्यानंतरच्या विश्लेषणात याची नोंद "मर्फी बाहेर, बचावाची फेररचना" अशी झाली होती. फेररचना चांगली झाली, हेही त्यात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि बराच वेळ पुढचं काही वाचलं नाही. मुलगी त्याच खेळात आहे, म्हणून असेल.

फायनलचं शेवटचं क्वार्टर मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिलंय. चार्ली कॅमेरॉनच्या गोलनं ब्रिस्बेन पुढे जातं. जॉर्डन डी गोईचा गोल, कॉलिंगवूड पुढे. मग स्टील साइडबॉटम लांबून, पन्नास मीटरच्या रेषेपलीकडून, सणसणीत मारतो. 2010 चं विजेतेपदही पाहिलेला हा जुना गडी. फरक दहा. जो डॅनिहरचा गोल, फरक चार, घड्याळात दीडएक मिनिट उरलेलं. आणि मग तो प्रसंग, ज्यावर ऑफिसात अजून जेवणाच्या सुट्टीत आवाज चढतात. नीलला फ्री किक मिळते. पण शिट्टी वाजेवाजेपर्यंत चेंडू झॅक बेलीनं उचलून पुढे मारलेला असतो आणि पंच अ‍ॅडव्हान्टेज देऊन खेळ चालू ठेवतात. ब्रिस्बेनचा चेंडू जातो. नीलनं थांबून, बघून, शांतपणे किक घेतली असती तर?

तर काय झालं असतं हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणूनच ते सगळे सांगतात. ब्रिस्बेनवाल्याच्या मते सामना तिथं गेला. माझं म्हणणं असं, की तो तितकाच त्या 18 बिहाइंडांमध्येही होता. त्यातले दोन जरी आत गेले असते तर बेलीनं काय केलं हे कुणी विचारलंही नसतं. सामना तितकाच फ्रॅम्पटनच्या त्या न दिसलेल्या धावपळीतही होता, आणि ब्रिस्बेनच्या बाजूनं बघायचं तर विल अ‍ॅशक्रॉफ्टच्या गुडघ्यातही. जुलैमध्ये तो गुडघा फाटला आणि हा कोवळा पोरगा फायनल बाहेरून बघत बसला. पुढच्या वर्षी तो परत आला. ब्रिस्बेननं गुणतक्त्यात पाचव्या जागेवरून येऊन सिडनीला फायनलला 120-60 असं चेपलं, आणि नॉर्म स्मिथ पदक अ‍ॅशक्रॉफ्टला. 2025 मध्ये जिलाँगला 122-75, पदक पुन्हा त्यालाच. तोच प्रशिक्षक, बराचसा तोच संघ. 2023 नंतर ज्यांनी "मोठ्या दिवशी यांचे पाय लटपटतात" असं ठामपणे लिहिलं होतं, त्यांनी पुढे "2023 च्या पराभवानं यांना घडवलं" असंही तितक्याच ठामपणे लिहिलं. पेनातली शाई मात्र तीच.

ब्रिस्बेनवाला आता उदार झालाय. दोन कप जिंकल्यावर माणूस होतोच. पण अ‍ॅडव्हान्टेजचा विषय निघाला की अजून त्याचा घास हातात थांबतो. आजींकडे मी त्याची बाजू मांडून बघितली. नील थांबला असता तर, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "1970 ला आम्ही मध्यंतराला 44 गुणांनी पुढे होतो. त्याचं काय?"